हसऱ्याची रेकॉर्ड

"इंग्लिश शाळेत घातली अन् पोरीचं तोंडच गेलं बघ," काकू म्हणाली.

हे ती मला म्हणाली नव्हती. स्वयंपाकघरात शेजारच्या सुमनमावशी आल्या होत्या, दोघी मिळून हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वळत होत्या आणि मी मधल्या खोलीत फरशीवर बसून मऊ फडक्याने एक जुनी रेकॉर्ड पुसत होते. मधे फक्त एक पडदा. सुमनमावशी म्हणाल्या, "पन मुकी न्हाई ना?" काकू म्हणाली, "मुकी कशाची! आईसंगं फोनवर बोलती की तासतासभर. आपल्यासंगंच न्हाई." मग वळलेलं शेंगोळं परातीत पडल्याचा तो हलका, ओला आवाज. मी फडकं फिरवायची थांबले नाही. थांबले असते तर मला ऐकू गेलं हे त्यांना कळलं असतं, आणि त्या घरात मी एक गोष्ट पक्की शिकले होते, की ऐकलं तरी ऐकल्याचं कळू द्यायचं नाही.

घर चुलत्यांचं, म्हणजे तात्यांचं, बेलापूरला. माझे आईवडील तिकडे अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका शाळेवर शिक्षक. त्यांच्या गावात चांगली शाळा होती, ते स्वतःच ती चालवत होते, पण मुलीला इंग्रजी यावं म्हणून पाचवीत त्यांनी मला तात्यांकडे ठेवलं, रोज श्रीरामपूरला शाळेची बस धरता यावी म्हणून. वर्षाकाठी तांदळाची दोन पोती तिकडून येत आणि काकू तो तांदूळ हातात घेऊन वास घ्यायची, म्हणायची, "तुज्या आईचा तांदूळ, मने, तूच निवड." मला कुणी कधी परकं वागवलं नाही. ताटात पहिली भाकरी माझीच असायची. पण दुसऱ्याच्या घरात, मग ते सख्ख्या चुलत्याचं का असेना, आपण किती जागा घेतो याचा हिशेब मूल मनातल्या मनात करत राहतं. शाळेत मराठीचा शब्द तोंडातून निघाला की बाईंच्या टेबलाशी उभं राहावं लागे. घरी इंग्रजीचा निघाला की चुलतभाऊ प्रवीणदादा उठून "ओ मॅडम!" म्हणत सलाम ठोकायचा. दोन्हीकडे न चुकता राहायचा एकच मार्ग होता, तो मी धरला.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहिते आहे, तेव्हा माझं कॉलेज संपलं होतं आणि बँकेच्या परीक्षेचा निकाल लागायचा होता. तो आज लागेल, उद्या लागेल म्हणत महिने गेले. मला एका जागी बसवत नसे. गच्चीवर जायची, खाली यायची, फोन बघायची, पुन्हा वर. काकू म्हणायची, "मांजरीवानी काय सारख्या येरझाऱ्या घालती? पिलं कुठं ठेवलीत?" रात्री अंथरुणावर पाय शांत राहत नसत. आज एकतिसाव्या वर्षी, पुण्याच्या फ्लॅटमध्ये, संध्याकाळी पाचच्या सुमाराला माझे पाय अजूनही तसेच हलायला लागतात आणि मला कळत नाही की मी कोणत्या निकालाची वाट बघते आहे.

रेकॉर्डी पुसायचं काम मी त्या अस्वस्थपणातच काढलं होतं. तात्यांचा धंदा लाऊडस्पीकरचा. लग्न, सप्ताह, निवडणूक, दहावा, ज्याला आवाज लागेल त्याला तात्या आवाज पुरवायचे. आता तो सगळा व्याप प्रवीणदादाकडे गेला होता आणि कर्ण्यांच्या जागी माणसाच्या उंचीचे काळे स्पीकर आले होते. पण घरामागच्या गोदामात एका मांडणीवर तात्यांचा जुना चेंजर होता, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आणि त्याच्यासोबत एक लाकडी खोकं. तात्या विशीत असताना एका साखर कारखान्याच्या जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं होतं. तात्यांनी चेंजर उचलला, खोकं त्याच्याबरोबर आलं. त्यात पस्तीस-चाळीस विलायती रेकॉर्डी. बहुतेक जॅझच्या, आणि त्यातही नावाजलेल्या एकही नाही. कुठल्या तरी लहान कंपनीने काढलेल्या, थोड्याशाच विकल्या गेलेल्या, लोक विसरून गेलेल्या. कव्हरवर चष्मा लावलेला एक काळा माणूस क्लॅरिनेट छातीशी धरून, डोळे मिटून. दुसऱ्यावर रिकाम्या खुर्च्या आणि एकच ट्रम्पेट.

तात्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यामुळे त्यांनी प्रत्येक कव्हरवर खळीने एक चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर ती रेकॉर्ड कधी लावायची ते लिहिलं होतं. "मांडव घालताना." "हळदीच्या आधी." "पंगतीची, सावकाश जेवणारांसाठी." "नवरी जाताना (फक्त दुसरी बाजू)." आणि एका रेकॉर्डवर, जिच्यात तीन सॅक्सोफोन एकमेकांच्या अंगावर धावून गेल्यासारखे किंचाळतात, "पाहुणे उठत नसतील तर."

"तुम्ही लग्नात हे लावायचात?" मी एकदा विचारलं होतं. तात्यांना मी प्रश्न विचारला म्हणूनच आनंद झाला असावा.

"मंग! गान्याला शब्द आले की भांडान आलं, पोरी. नवरदेवाकडचे म्हननार, हे गानं आमाला टोमना मारायला लावलं. नवरीकडचे म्हननार, रडकं का लावलं. ह्यात शब्दच न्हाईत. कोन काय म्हननार? समदे गुमान जेवत्यात."

वीसएक वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं या संगीतावर जेवली होती आणि कुणालाच ते काय आहे हे माहीत नव्हतं. मी एकदा बाजारात एका म्हाताऱ्याला उसाच्या ट्रॅक्टरमागे चालताना शीळ घालताना ऐकलं. सूर त्या चष्मेवाल्याच्या क्लॅरिनेटचा होता, मधली ती अडखळून वर जाणारी जागासुद्धा. मी तिथेच उभी राहिले. त्याला थांबवून सांगावंसं वाटलं. अर्थातच सांगितलं नाही.

त्याऐवजी मी इंटरनेटवर एक पान उघडलं. नाव नाही, फोटो नाही, गाव नाही. मशीनच्या मागून एक वायर लॅपटॉपला लावून मी रेकॉर्डी उतरवून घेत होते. आठवड्याला एक रेकॉर्ड निवडायची, तिचा तुकडा आणि कव्हरचा फोटो टाकायचा, आणि खाली इंग्रजीत लिहायचं, की ही कुणी ऐकली नसेल तर ऐका, आणि का. आधी मी पुस्तकी काहीतरी लिहायची, ताल, सूर, जमाना. कुणी फिरकत नव्हतं. मग एकदा कंटाळून तात्यांच्या चिठ्ठीचंच भाषांतर टाकलं, पाहुणे उठत नसतील तर. चार दिवसांनी कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाने खाली लिहिलं होतं: "लावली. उठले." त्यानंतर माणसं येऊ लागली. पावणेदोनशे झाली. अनोळखी लोक मला विचारायचे, घरात एकटं जेवायचं असेल तर काय लावू? मी त्यांच्याशी भरभरून बोलायची. पडद्याच्या पलीकडे मात्र माझं तोंड गेलेलं होतं.

त्या दिवशी पुसत होते ती रेकॉर्ड जॅझची नव्हती. तिच्यावर चिठ्ठी होती, "हसऱ्याची." कव्हरवर सूट घातलेला एक लांबोडका माणूस, शेजारी उंच स्टूल, स्टुलावर पाण्याचा पेला. गाणं नाही, बाजा नाही. एक माणूस उभा राहून बोलतो आणि लोक हसतात, एवढंच. आता आपल्याकडे गल्लीबोळात स्टँडअप करणारी मुलं आहेत, पण तेव्हा तात्यांच्या दृष्टीने तो जगातला एकमेव हसऱ्या होता. ही रेकॉर्ड त्यांची सर्वांत लाडकी. त्यांना एक अक्षर कळत नसे. लोक हसले की तेही हसत. त्या हसणाऱ्यांत एक बाई होती, जी दर वेळी सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटीच हसायची. "ही बाई लई ग्वाड," तात्या म्हणायचे. "हिला आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बगावं लागत आसंल."

शेंगोळी जेवून काकू आडवी झाली, तेव्हा तात्या गोदामात आले. त्यांनी हसऱ्याला चेंजरवर चढवलं आणि माझ्यासमोर उलट्या डब्यावर बसले. "चाळीस-पन्नास वर्सं झाली, मी ह्याच्यासंगं हसतोय. आता घरात इंग्लिश शिकल्याली पोरगी हाय. सांग, काय म्हनतो ह्यो?"

पिन खाली आली. मी कान दिला. पहिलं मिनीट त्याचे उच्चार कळेनात, आणि मग कळले. तो आपल्या लग्नाच्या पहिल्या रात्रीबद्दल बोलत होता, आणि आडपडदा न ठेवता बोलत होता. माझे कान तापले. लोक हसले. तात्यांनी पिन उचलली, त्या उशिरा हसणाऱ्या बाईला संधी देऊन, आणि माझ्याकडे बघितलं. पांढऱ्या भुवया वर, तोंड हसायच्या तयारीत अर्धं उघडं.

"तो म्हणतोय," मी म्हणाले, आणि डोक्यात काही नव्हतं. दारातून स्वयंपाकघरातली भांड्यांची फळी दिसत होती. "तो म्हणतोय, त्याच्या बायकोला काही विचारलं की ती तोंडाने डावीकडे म्हणते आणि हात उजवीकडे दाखवते. लग्न झालं तेव्हा पहिली दोन वर्षं तो चुकत राहिला. आता ती बोलायला लागली की तो कान झाकून फक्त हाताकडे बघतो."

मग तात्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नंतर आला. डब्यावरून घसरतील इतके हसले. "आगं, ही तर आपलीच! 'डावीकडलं भगुनं द्या' म्हनती अन् उजवीकडं हात! तिकडं बी तसंच हाय व्हय?"

"हो," मी म्हणाले.

"बायको इथूनतिथून एकच," तात्या डोळे पुसत म्हणाले, आणि पिन पुन्हा ठेवली.

त्या दुपारी मी चार विनोद केले. मी तोवर आयुष्यात एकही विनोद केला नव्हता. रात्री मला लाज वाटली, भीती वाटली, आणि तिसरंही काहीतरी वाटलं, ज्याला मी नाव दिलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण होताच माझे पाय आपोआप गोदामाकडे वळले.

तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा असाच गेला. हसऱ्या त्याची घाणेरडी गोष्ट सांगायचा, लोक हसायचे, बाई उशिरा हसायची, आणि मी तात्यांना त्याच्याऐवजी दुसरंच सांगायची. माझ्याजवळ सांगायला होतं तरी काय? दहा वर्षं गप्प बसून जे बघितलं तेवढंच. आमच्याकडे येणारा एक पाहुणा होता, दर वेळी दारातच म्हणायचा, मी जेवून आलोय, आणि मग पोटभर जेवायचा. हसऱ्याच्या तोंडी ते असं झालं: "माझा मेव्हणा रोज दोनदा जेवतो आणि एकदाच लाजतो." पुढाऱ्यांच्या भाषणांचं असं: "आमच्या गावात एक माणूस लग्नात आशीर्वाद द्यायला उभा राहिला, तो अजून बसलेला नाही. नवरा-नवरीला दोन पोरं झाली. ती आता त्याच पंगतीत वाढायला आहेत." तात्या ऐकून म्हणायचे, "अमेरिकेत बी पुढारी हायेत म्हनायचे," आणि त्यांना त्या देशाबद्दल फार आपुलकी वाटू लागली. एकदा बातम्यांत तिकडचं कुठलं तरी वादळ दाखवत होते, तर तात्या जेवता जेवता थांबले. म्हणाले, "हसऱ्याच्या गावाकडं तर न्हाई ना गं?"

त्यांनी हे विनोद स्वतःपाशी ठेवले असते तर बरं झालं असतं. पण तात्यांच्या हातात आयुष्यभर माइक होता. चहाच्या टपरीवर, बाजारात, सलूनमध्ये ते सांगत सुटले, "आमच्याकडं अमेरिकेचा एक हसऱ्या हाय, तो म्हनतो." पावसाच्या तोंडाशी श्रीगोंद्याकडच्या एका लग्नाला प्रवीणदादाने स्पीकर लावले होते आणि तात्या हौसेने सोबत गेले होते. तिथे एक पुढारी आशीर्वाद द्यायला उठले, आणि ते माइकपर्यंत पोहोचायच्या आत तात्यांनी माइकवरून अजून न बसलेल्या माणसाची गोष्ट सांगून टाकली. मांडव हसून कोसळायचा राहिला. पुढारी दोन मिनिटांत बसले. लोक पुढे आठ दिवस त्या दोन मिनिटांबद्दल बोलत होते. तात्यांना हारतुरे मिळायचे तेवढे राहिले, आणि माझ्या गच्चीवरच्या येरझाऱ्या वाढल्या. कारण आता ते खोटं गोदामातलं राहिलं नव्हतं. गावोगाव फिरत होतं, आणि त्याच्यावर तात्यांचं नाव होतं. ज्या दिवशी ते फुटेल त्या दिवशी लोक हसऱ्याला हसणार नव्हते. ज्याला त्याच्याच घरातल्या, त्याच्याच भाकरीवर वाढलेल्या पोरीने सहा महिने येड्यात काढलं, त्या म्हाताऱ्याला हसणार होते.

मी सांगायचा प्रयत्न केला. दोनदा. एकदा सकाळी ते ओट्यावर दाढी करत असताना जाऊन उभी राहिले. त्यांनी आरशातून बघितलं, म्हणाले, "काय गं, हसऱ्याचं नवीन काय आठवलं का?" आणि त्या आरशातल्या साबण लावलेल्या तोंडावर इतका आनंद होता की मी म्हणाले, टॉवेल देऊ का. दुसऱ्यांदा चिठ्ठी लिहिली. ती पँटच्या खिशात राहिली आणि काकूने धुतली.

भाद्रपदात प्रवीणदादाने विषय काढला, की नवे स्पीकर येणार, गोदामातली ती मांडणी रिकामी करून पाहिजे. "भंगारवाला खोक्यासकट घेऊन जाईल. कोन ऐकतं ते?" पावणेदोनशे लोक ऐकतात, हे माझ्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. तात्या चिडले नाहीत. म्हणाले, "खंडेनवमीला समद्यांच्या म्होरं हसऱ्या लावतो. आपली मनी माइकवरून अर्थ सांगंल. लोकांनी ऐकू दे, मंग बगू कोन टाकतो ते."

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. घिसाडी भाता पुजतो, शेतकरी विळा पुजतो, आम्ही माइक पुजतो. ओट्यावर सतरंजी अंथरून त्याच्यावर सगळी मशीन्स, वायरींची वेटोळी, कर्णे, माइक मांडायचे, हळदीकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. सकाळपासून कुणी कशाला हात लावायचा नाही, त्या दिवशी घर विलक्षण शांत असे. पूजा झाली की पहिला आवाज जुन्या चेंजरमधून काढायचा, ही तात्यांची रीत. आसपासचे मांडववाले, बँडवाले, गल्लीतली माणसं जमायची. काकू पुरणपोळी करायची आणि कटाच्या आमटीचा वास रस्त्यापर्यंत जायचा. त्या वर्षी मी सकाळपासून एक घासही खाल्ला नव्हता. सहा वेळा गच्चीवर जाऊन आले होते. सहाव्या वेळी वरून मला दिसलं की गल्लीच्या तोंडाशी पांढरा शर्ट, हातात काठी, धर्माधिकारी सर येत आहेत.

सरांनी मला आठवीला इंग्रजी शिकवलं होतं. निवृत्त होऊन ते बेलापुरात, आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायला आले होते. माणूस अतिशय सज्जन, पण चूक ऐकून त्यांना गप्प बसता येत नसे. दुकानाच्या पाटीवरच्या चुकासुद्धा ते आत जाऊन सांगत. तात्यांनी त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. "सर, तुमी तर इंग्लिशचे. तुमाला तर डब्बल मजा."

आरती झाली. तात्यांनी माइकवर दोनदा टिचकी मारली, हॅलो, हॅलो म्हणाले, आणि माइक माझ्या हातात दिला. माइक गार होता आणि त्याला हळद लागली होती. मी नुसता श्वास घेतला तर तो कर्ण्यातून गल्लीभर ऐकू गेला. दारात काकू आणि सुमनमावशी पदर सावरून उभ्या. खांबाला टेकून प्रवीणदादा.

हसऱ्या बोलायला लागला. पहिल्या रात्रीचीच गोष्ट. लोक हसले, तात्यांनी पिन उचलली. "सांग, मने. डाव्या-उजव्याचं."

मी सांगितलं. माझा आवाज पातळ आणि चिरका निघाला, पण शेवटच्या वाक्याला ओटा हसला. काकू दारातून ओरडली, "आगं बया! ह्या अमेरिकेच्या बाबाला माजं कुनी सांगितलं?" तेव्हा तर आणखीच हसले. सर हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते आणि ते काठीच्या मुठीकडे बघत होते. तात्यांनी पिन ठेवली. हसऱ्याने दुसरी गोष्ट सांगितली, पहिलीपेक्षा वाईट. मी तोंड उघडून जेवून आलेल्या मेव्हण्याचं सांगायला लागले, आणि सर उभे राहिले.

"तात्या, माफ करा. पण हे गृहस्थ असं काहीही म्हणत नाहीयेत."

तात्या म्हणाले, "मंग काय म्हनतो, सर?"

सरांनी दाराकडे बघितलं. काकू, सुमनमावशी, बँडवाल्याची आई. "ते... ते जरा निराळं आहे."

"निराळं म्हंजे?"

"म्हणजे, विषयच निराळा आहे."

"मंग सांगा की तुमी. माइक देऊ का?"

सर पुन्हा खुर्चीत बसले. इतका अवघडलेला माणूस मी नंतर कधी बघितला नाही. कुणीतरी फिसकन हसलं. आणि प्रवीणदादा खांबापासून म्हणाला, "म्हंजे तात्या, सहा म्हैने पोरगी तुमाला काय बी सांगती अन् तुमी गावभर वाटत फिरता? टेम्पो बोलवू का भंगारवाल्याचा?" आता बरेच जण हसले. ते माझ्या विनोदांना हसले होते तसं नव्हतं हे. तात्या या वेळी पिन उचलायला विसरले होते, मागे हसऱ्या एकटाच बोलत राहिला होता, आणि त्या हसण्यानंतर, सगळे थांबल्यावर, कर्ण्यातून ती बाई एकटीच हसली.

तात्यांनी पिन उचलली. माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते माझ्याकडे असे बघत होते, जसा माणूस वर्षानुवर्षं येण्याजाण्याच्या रस्त्यावर अचानक अनोळखी दार बघतो.

मला सुटायला वाट होती, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. सर तोंड उघडणार नव्हते. मी फक्त एवढं म्हणायचं होतं, की सर, तो अमेरिकेतला उच्चार आहे, तुम्हाला नीट लागला नाही. लोकांनी मानलं असतं. तात्यांची लाज राहिली असती, खोकं मांडणीवर राहिलं असतं, आणि मी पुन्हा पडद्यामागे जाऊन बसले असते. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं.

"पोरी," तात्या हळूच म्हणाले, "तो काय म्हनतो ते ऱ्हाऊ दे. सहा म्हैने मी पोट धरून हसलो, श्रीगोंद्याला आख्खा मांडव हसला, आत्ता ही तुजी काकू हसली. ते समदं कुनाच्या बोलन्यावर?"

ती रेकॉर्ड आज पुण्यात माझ्या फळीवर आहे. तिच्यावरचं "हसऱ्याची" तात्यांनी त्या दसऱ्याला एका रेघेने खोडलं आणि खाली आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, "मनीची." पण खंडेनवमीच्या त्या दुपारी मला हे माहीत नव्हतं. मला फक्त हातातला माइक आणि त्याची हळद जाणवत होती, माझा श्वास गल्लीभर ऐकू येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय एका जागी उभे होते.

"माझ्या, तात्या," मी म्हणाले, आणि ते कर्ण्यातून पार वेशीपर्यंत गेलं. "ते सगळं मीच बोलले."